दगडाला विचारलं?

काही माणसं वस्तू वापरतात आणि काही माणसं वस्तू सांभाळतात. दुसऱ्या जातीची माणसं ओळखायला सोपी. त्यांच्या घरात टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असतो, स्कूटरवर जुनी साडी पांघरलेली असते, आणि छत्री मागितली तर आधी ती वाळवायची कशी याची माहिती मिळते. मग छत्री मिळते. तोवर पाऊस थांबलेला असतो. आमचे शेजारी नाना या जातीचे मुकुटमणी. त्यांनी सध्या सांभाळायला घेतलेली वस्तू म्हणजे एक दगड आहे.

नाना नार्व्याचे. डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या वर्कशॉपात त्यांनी उभी हयात काढली. टिपर, डोझर, त्यांची फिल्टरं, ग्रीसचे डबे हाच त्यांचा संसार. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा बाकीचे लोक पगाराचं काय होणार याची चर्चा करत होते, आणि नाना दर आठवड्याला खाणीवर जाऊन उभ्या गाड्यांची इंजिनं थोडा वेळ चालू करून येत होते. त्याचे पैसे त्यांना कोणी देत नव्हतं. "उभी गाडी मरते रे," एवढंच म्हणायचे. पुढे तेही थांबलं आणि वर्कशॉपात न मावणारं ते सगळं मेंटेनन्स घरात शिरलं. पंखे, बिजागऱ्या, विहिरीचा रहाट, बायकोचा म्हणजे माईंचा मिक्सर, एकामागून एक सगळे सर्व्हिसिंगला बसले. "आता माझ्या गुडघ्यांना तेवढं ग्रीस लावायचं राहिलंय," असं माई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

अशा वेळी मुलानं दगड आणला. मुलगा इंग्लंडात, स्विंडनला. गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली जी असंख्य मुलं तिथे आहेत, त्यांतला एक. एका सुट्टीत त्यानं बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये शेगडीवर ठेवायचा एक चौकोनी दगड घालून आणला. पाऊण हात लांब, तेवढाच रुंद, बोटभर जाड, रंग साबुदाण्याच्या खिचडीसारखा. त्यावर त्यानं परसात एकदा पिझ्झा केला, तो निम्मा जळला, आणि मुलगा परत गेला. दगड राहिला.

माईंना हा प्रकारच मंजूर नव्हता. या तालुक्यानं डोंगरच्या डोंगर बार्जीत भरून मांडवीतून बाहेर काढले, आधी जपानला आणि मग चीनला पाठवले. त्या तालुक्यात आता बाहेरून दगड यायचा? तोही विमानानं? "घरात एक होता तो पुरे नव्हता?" असं त्या म्हणाल्या आणि नानांकडे बघितलं.

खरं तर सुरुवातीला नानाही दगडाच्या बाजूचे नव्हते. गावात दगडाला काय तोटा, असं म्हणून त्यांनी आधी स्थानिक उमेदवार तपासले. घराच्या भिंतीचा उरलेला जांभ्याचा चिरा शेगडीवर ठेवला. चिरा भिंतीला उत्तम; खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की कडक होत जातो. पण त्याच्या अंगभर भोकं. भाकरीबरोबर त्याची तांबडी माती दातांखाली आली. मग नदीकाठचा एक चपटा, देखणा गोटा आणला. नदीतल्या दगडाच्या भेगांत पाणी मुरलेलं असतं. तो तापला, आतल्या पाण्याची वाफ झाली, वाफेला वाट मिळाली नाही, आणि गोट्याचे तुकडे माडाच्या आळ्यात जाऊन पडले. माईंची मांजर त्या दिवशी फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत पळाली असं सांगतात.

मग नानांनी मुलाला फोन करून दगडाची चौकशी केली. दगड कसला, भाजलेली मातीच ती, कॉर्डिएराइट नावाच्या खनिजाची. कॉर्दिए नावाच्या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञावरून हे नाव पडलं. तापल्यावर हा माल फार कमी फुगतो म्हणून कुंभारकामाच्या मोठ्या भट्ट्यांत फळ्या याच्याच करतात. हे सगळं नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण गाडीच्या सायलेन्सरजवळ धूर स्वच्छ करणारं जे जाळीदार यंत्र असतं त्याची आतली जाळी बहुधा याच मालाची असते, हे कळलं तेव्हा ते उठून उभे राहिले. इतके दिवस तो मुलाचा दगड होता. त्या क्षणापासून तो स्पेअर पार्ट झाला, आणि स्पेअर पार्टची हयगय नानांनी जन्मात केलेली नाही.

तेव्हापासून रविवारचं जेवण हा एक विधी आहे. शेगडी परसात, जांभ्याच्या चिऱ्यांची; वरची जाळी खाणीच्या भंगारातली. सकाळी नाना फळीवरून दगड उतरवतात, पंचातून सोडवतात, उजेडात धरून दोन्ही बाजू न्याहाळतात. मग थंड शेगडीवर थंड दगड ठेवतात, आणि त्यानंतर खाली करवंट्या पेटवतात. हा क्रम उलटा करायचा नाही. आधीच फुललेल्या निखाऱ्यांवर थंड दगड ठेवला तर त्याची खालची बाजू फुगते, वरची फुगत नाही, आणि दोघींचं भांडण दगडाच्या मधोमध होतं. करवंटीचा विस्तव चटकन भडकतो, म्हणून एकेक करवंटी, अंतर ठेवून. कोणी घाई केली, दोन करवंट्या एकदम टाकल्या, की नाना हात वर करतात : "सवकास रे, सवकास! दगडाला विचारलं?"

हे त्यांचं पालुपद. मासे ठेवू का? दगडाला विचारलं? शेगडी जरा वाऱ्याकडे सरकवू का? दगडाला विचारलं? विचारायचं कसं, याचंही शास्त्र आहे. पाण्याचे थेंब शिंपडून तवा तापला का बघतात, तसं इथे चालत नाही. तापलेल्या दगडाला पाण्याचा थेंबसुद्धा वर्ज्य. नाना चिमूटभर रवा टाकतात. रवा पांढरा राहिला तर थांबायचं. हळूहळू बदामी झाला तर भाकरी. टाकल्याबरोबर काळा पडला तर निखारे बाजूला ओढायचे आणि पुन्हा थांबायचं. या सगळ्याला पाऊण तास लागतो. तोवर पाहुण्यांना सोलकढी मिळते. मग पुन्हा सोलकढी मिळते. नानांकडे मासे खायला गेलेला माणूस पोटभर सोलकढी पिऊन आला, असं गावात घडलेलं आहे.

मासेही तयारीनं यावे लागतात. बांगडा धुतला की फडक्यानं पुसून कोरडा करायचा. ओला मासा गरम दगडावर ठेवला तर दगड बिचकतो, असं नाना म्हणतात. मी तपासलं तर गोष्ट शब्दशः खरी निघाली. सच्छिद्र दगड माशाच्या अंगचं पाणी शोषून घेतो आणि म्हणूनच कातडी तव्यावरच्यापेक्षा खुसखुशीत होते. पण थंडगार पाणी एकाच जागी पडलं तर तीच जागा आकसून तडा जाऊ शकतो. नानांची पसंती नुसत्या मीठ-हळदीला. पाहुण्यांना मात्र हवा असतो रेशाद मसाला, तोही बांगड्याच्या पोटातून ओसंडणारा. त्यावर नानांनी तोडगा काढला : दगडावर केळीचं पान, पानावर बांगडा. एका पाहुण्यानं विचारलं, "मग दगड कशाला?" नाना म्हणाले, "खाली आहे ना!"

जेवण हा अर्थात पूर्वार्ध. नानांचा खरा रविवार सोमवारी सकाळी असतो.

रात्रभर दगड शेगडीवर तसाच निवायचा. कोणी हात लावायचा नाही. सकाळी नाना ऊन यायच्या आत परसात बसतात. बाजूला वर्कशॉपातून आणलेली, गास्केट खरवडायची पोलादी पट्टी. तिरक्या धारेनं, जोर न देता, जळका मसाला उचलायचा. मग काथ्याच्या कोरड्या कुंचल्यानं झाडायचं. मग घट्ट पिळलेल्या फडक्यानं एकदाच पुसायचं. पाण्यात बुडवायचं नाही, नळाखाली धरायचं नाही. तेल चोपडायचं नाही. लोखंडी तवा तेलानं सुधारतो, हा दगड तेल पितो आणि पुढच्या वेळी धूर ओकतो. आणि साबण? साबण हा शब्द नानांसमोर उच्चारायचा नाही. छिद्रांत गेलेला साबण बाहेर येत नाही. तो पुढच्या रविवारी बांगड्यात येतो. "साबू लायल्यार पळय! फातर पाड जातलो!" हा दम त्यांनी घरातल्या सगळ्यांना, शेजारच्यांना आणि पोस्टमनलाही भरून ठेवलेला आहे.

तरी एकदा ते झालंच. शेजारची नवी सून मदतीला आली होती. बिचारीनं सगळी भांडी घासली आणि त्यांच्याबरोबर दगडही घासला, चांगला लिंबाच्या वासाच्या साबणानं. नाना काही बोलले नाहीत. पुढचे कित्येक दिवस ते रोज नुसता दगड तापवत आणि तांदळाच्या पिठाचे जाड रोट त्यावर भाजत, साबण शोषून घ्यायला. रोट कोणी खायचे नव्हते, बाहेर टाकायचे होते. दिवस पितृपक्षाचे. एरवी या दिवसांत कावळे पंक्तीला बसावेत तसे रांगेनं बसतात, पण नानांच्या रोटाला एकही शिवला नाही. शेवटी एके दिवशी एका कावळ्यानं तुकडा उचलला, तेव्हा नानांनी जाहीर केलं, "साबण गेला." दगड पास झाल्याचा दाखला कावळ्यानं दिल्याचं हे एकमेव उदाहरण असावं.

डागांविषयी मात्र ते कमालीचे उदार आहेत. दगड आता मुळीच खिचडीच्या रंगाचा राहिलेला नाही. तपकिरी, काळा, मध्येच नकाशातल्या बेटांसारखा झाला आहे. डाग निघत नाहीत आणि ते काढायचेही नसतात, कारण त्यानं चवीत काही फरक पडत नाही. नाना ते वाचून दाखवतात. हा लांबट डाग पहिल्या मुड्डोशीचा. हे तीन ठिपके नीरफणसाच्या कापांचे. आणि हा सुपारीएवढा चकाकता डाग म्हणजे जावईबापूंचं चीज. जावई पणजीचे, पहिल्यांदा आले तेव्हा हौसेनं चीजचा तुकडा थेट दगडावर ठेवून मोकळे झाले. जावयाला काही बोलता येत नाही. म्हणून नाना दर वेळी नुसता तो डाग दाखवतात.

माईंशी त्यांचा खरा वाद शुद्धतेचा. दगड जर सगळं पितो, तर त्यानं बांगडाही प्यायलेला आहे. मग सोमवारी त्यावर भाकरी कशी भाजायची? नार्व्यात सप्तकोटेश्वराचा सोमवार. पुढे श्रावण, मग चतुर्थी. "साबण लावायचा नाही, पाण्यात घालायचा नाही, म्हणजे हा कधी धुतलाच जात नाही," हा माईंचा मुद्दा. "अग्नी सगळं शुद्ध करतो," हा नानांचा. "अग्नी करतो हो, पण वास?" माई. मग नानांनी एक दिवस हुकमाचा पत्ता टाकला : "तुझ्या पाट्याला तू कधी साबण लावतेस?" माई गप्प झाल्या. खरंच, पाटा-वरवंट्याला साबण कोण लावतं? पाणी, सोडणाचा काथ्या, उभा करून निथळायला ठेवायचं. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावणारी बाई यायची, छिन्नीनं टकटक करत त्याला पुन्हा खरखरीत करून जायची. दगडाची निगा या घरात तीन पिढ्या बायकाच राखत आल्या, तेही एकही भाषण न देता. नाना हे काम आत्ता शिकले म्हणून त्यांना त्याचा एवढा आवाज करावा लागतो, असं माझं मत आहे. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

टाकीवाली हल्ली येत नाही. मिक्सर आला आणि ती गेली. नानांचा मिक्सरवर राग आहे तो यासाठी. चांगल्या स्थितीतल्या मिक्सरला ते सर्व्हिसिंगला का बसवतात, ते यावरून समजून घ्यावं.

कोणी फारच चेष्टा केली, "नाना, एका दगडासाठी एवढं?" असं म्हटलं, की ते देवळाकडे बोट दाखवतात. "नार्व्याच्या माणसाला हे विचारतोस?" पलीकडे दिवाडी बेटावर सप्तकोटेश्वराचं, कदंब राजांच्या कुलदैवताचं, देऊळ होतं. पोर्तुगिजांनी ते पाडलं. देवाची शिळा विहिरीवर पाणी ओढायला लावली होती आणि भक्तांनी ती नदी ओलांडून नार्व्याला आणली, असं परंपरा सांगते. पुढे १६६८ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दारावरच्या शिलालेखात शके १५९० आहे. अलीकडचा जीर्णोद्धार झाला आणि २०२३ साली देऊळ पुन्हा खुलं झालं. ते काम चालू असताना नाना हात मागे बांधून रोज तिथे उभे असायचे. देवाची गोष्ट वेगळी आणि शेगडीची वेगळी, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण टाकून दिलेली वस्तू उचलून आणणाऱ्यांच्या गावचे आपण, हा अभिमान त्यांच्या बोलण्यात असतोच.

पावसाळा हा दगडाचा कठीण काळ. जून-जुलैत यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी, मासे कमी, आणि हवेत एवढी ओल की काडेपेटी पेटत नाही. दगड ही ओल शोषतो, आणि ओला दगड एकदम तापवला तर त्याचाही नदीतला गोटा होऊ शकतो. म्हणून नानांनी त्याला चुलीवर टांगलेल्या फळीवर जागा दिली, जिथे माईंची सोलं आणि सुकं खारं असायचं. सोलं कुठे गेली हा प्रश्न त्या घरात अजून निकालात निघालेला नाही. शिवाय भर पावसात, शेगडीवर पत्रा धरून, काहीही न शिजवता नाना मधूनमधून दगड मंद आचेवर गरम करतात. मी एकदा विचारलं, कशासाठी? "उभी गाडी मरते रे." त्यावर मला पुढे काही विचारवलं नाही.

आणि मग यंदाच्या मे महिन्यात मुलगा आला. ज्यानं दगड आणला त्याला दगडाचे नियम ठाऊक नव्हते, कारण नियम नंतर तयार झाले होते. नाना जांभळं पाडायला मागच्या बाजूला गेले तेवढ्यात त्यानं फ्रीजरमधून चणक मासा काढला, बर्फ अंगावर असलेला, आणि तापलेल्या दगडावर ठेवला. टक् असा आवाज झाला. नाना धावत आले नाहीत, सावकाश आले. आवाजावरूनच त्यांना निदान झालं होतं. दगडाच्या मधून जरा डावीकडे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ गेली होती. मुलगा म्हणाला, "बाबा, नवीन आणतो ना." नानांनी एकच विचारलं, "दगडाला विचारलं होतंस?"

जेवणं झाली. चणक, तसा बघितला तर, उत्तम भाजला गेला होता.

दुसऱ्या दिवशी नानांनी दोन्ही तुकडे टेबलावर मांडले, फूटपट्टी लावली, नाकाजवळ नेले. चिकटवायचा प्रश्नच नव्हता. आचेवर असला चिकटा टिकत नाही आणि अन्नात जातो. पण तडकलेला दगड वाया जात नाही, तुकडे शेजारी-शेजारी ठेवले तरी काम देतात. नानांना त्याच्याही पुढचं सुचलं. आता दगड दोन झाले होते. मोठा माशांचा. धाकटा शाकाहारी. माईंचा वाद मिटला!

"तो धाकटा कालपर्यंत मासेच खात होता," माई म्हणाल्या.

नानांनी डागांचा नकाशा पुढे केला. नदीकडून वारा येतो, त्यामुळे दगडाची डावी बाजू नेहमी जरा कमी तापते. म्हणून त्या बाजूला त्यांनी पहिल्यापासून फक्त भाकरी, वांगी आणि नीरफणस ठेवलेले. डाग साक्षीला होते : डाव्या तुकड्यावर नुसतेच गोल भाकरीचे आणि कापांचे. एकही लांबट नाही. माईंनी चष्मा लावून दोन्ही बाजू तपासल्या. बराच वेळ तपासल्या. नानांचा एवढा काटेकोरपणा त्यांच्या पहिल्यांदाच उपयोगी पडला असावा. शेवटी निकाल दिला : "एक श्रावण उपाशी राहू दे त्याला. मग बघू."

धाकट्या दगडानं श्रावण कडक पाळला. चतुर्थीत त्यावर नीरफणसाची कापं भाजली गेली आणि माईंनी स्वतः वाढली. दोन्ही तुकड्यांना नानांनी डिचोलीहून लोखंडी पट्टीच्या चौकटी करून आणल्या आहेत, कडांशी फुगायला दोरीएवढी जागा सोडून. सोलं फळीवर परत आली आहेत. त्यांच्या दोन बाजूंना दोन दगड, आपापल्या पंचात.

दिवाडीहून फेरीबोटीनं नार्व्याला आलात तर नानांकडे जरूर जेवायला जा. शनिवारी कळवा, मासा बाजारातून आणलेला ताजाच न्या, फ्रीजरमधला नको. घरून थोडं खाऊन निघा. आणि लिंबू पिळायचं असेल तर ताटात पिळा.